दादाचे टक्के

2022 च्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या भावाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र हाती आले. त्यात त्याचा मानसिक आजार मान्य केलेला होता आणि त्याच कागदावर दिव्यांगत्वाचे प्रमाण 40 टक्क्यांपेक्षा कमी असल्याचेही लिहिलेले होते. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेणाऱ्या लिपिकाने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि सहज विचारले, ‘टक्के एवढेच मिळाले का?’ बारावीच्या निकालाविषयी शेजारी विचारतात, तसाच तो सूर होता. त्यात कुचेष्टा नव्हती. टेबलापलीकडच्या माणसाला चाळीसच्या वर की खाली एवढेच पाहायचे असते, आणि आम्ही खाली होतो. अर्ज तिथेच परत मिळाला.

दादाला 1998 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. तेव्हापासून तो आईजवळ राहतो आणि मी माझ्या संसारातून आठवड्याला तीन-चार फेऱ्या मारते. वडील गेल्यावर आणि आईने पंचाहत्तरी ओलांडल्यावर प्रमाणपत्राचा विषय निघाला. त्या आधीची वीस-बावीस वर्षे आमच्या घरात तो शब्दही कोणी उच्चारला नव्हता. दादाला ‘बरे नसते’, एवढेच आम्ही लोकांना सांगत असू, आणि ही सवय पुढे आम्हाला किती महाग पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 साली संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. मानसिक आजार हा त्यांतला एक, आणि तो 1995 च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांतही होता. म्हणजे मानसिक आजाराला दिव्यांगत्व मानायचे की नाही हा वाद कायद्याच्या पातळीवर केव्हाच मिटलेला आहे. मात्र आरक्षण, अनुदान, प्राप्तिकरातली वजावट अशा बहुतेक सवलतींचे दार 40 टक्क्यांना उघडते. ज्याचा हात किंवा पाय गेला आहे त्याचे टक्के निदान डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून काढता येतात. ज्याला सकाळी अंथरुणातून उठून दात घासण्यापर्यंत पोचायला दीड तास लागतो, त्याचे टक्के कसे काढायचे?

त्यासाठी एक मोजपट्टी आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुनर्वसन समितीने ती तयार केली आणि 2002 मध्ये केंद्र सरकारने ती राजपत्रातून लागू केली. तिचे पूर्ण नाव इंडियन डिसॅबिलिटी इव्हॅल्युएशन अँड असेसमेंट स्केल, पण आयडियाज या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिच्यात चार गोष्टी पाहतात : स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद आणि आकलन, आणि काम. काम म्हणजे नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी त्या व्यक्तीला लागू असेल ते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण असतात आणि अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. चारही गुणांच्या बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात : दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर 1, दोन ते पाच वर्षांना 2, सहा ते दहा वर्षांना 3 आणि दहा वर्षांहून अधिक असेल तर 4. एकूण 1 ते 6 आले तर दिव्यांगत्व सौम्य, म्हणजे 40 टक्क्यांच्या आत. 7 ते 13 आले तर ते मध्यम, म्हणजे 40 ते 70 टक्के. त्याच्या वर तीव्र, आणि वीसपैकी वीस आले तर शंभर टक्के. हे गणित मला आधी कोणी सांगितले असते तर आमची पहिली तपासणी अशी झाली नसती. या पट्टीत निदानाच्या नावाला गुण नाहीत, गोळ्यांच्या संख्येला नाहीत आणि आपण किती सोसले यालाही नाहीत. तपासायचे आहे ते एवढेच, की हा माणूस दिवस कसा काढतो.

आता पहिल्या तपासणीचा दिवस. टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाची वेळ दहाची होती. आईने साडेपाचला पाणी तापवले. दादाला उठवायला ती तीन वेळा आत गेली, चौथ्यांदा मी गेले. अंघोळीला बसल्यावर तो पाण्याकडे बघत राहिला, तेव्हा पहिला तांब्या आईनेच ओतला. दाढी मी करून दिली, कारण आरशासमोर तो फार वेळ थांबत नाही. आदल्या रात्री इस्त्री करून ठेवलेला निळा शर्ट घालताना एक बटण वर-खाली लागले, ते आईने काढून पुन्हा लावले. केसांना तेल, कपाळावर अंगारा. रुग्णालयात पोचलेला माणूस असा नीटनेटका होता, की रांगेतल्या एका बाईंनी पेशंट कोण आहे असे मलाच विचारले.

आत डॉक्टरांनी दादाला नाव, वार, गावाचे नाव विचारले. त्याने तिन्ही बरोबर सांगितली. ‘अंघोळ रोज करता का?’ याला त्याने ‘हो’ म्हटले, आणि ते खोटेही नव्हते, कारण रोज त्याची अंघोळ होतेच. मग डॉक्टर आईकडे वळले. आई म्हणाली, ‘तसा काही त्रास नाही हो त्याचा. शांत आहे. भाजी आणून देतो, दळण आणतो.’ तिच्या आवाजात अभिमान होता. भाजी आणायला पाठवलेला दादा कधी कधी दोन तासांनी रिकाम्या पिशवीसह परततो, आणि भाजीवाला आमच्या ओळखीचा असल्यामुळे पैसे परत मिळतात, हे ती बोलली नाही. मी शेजारी उभी होते. मीही बोलले नाही. दादासमोर आईला खोटे पाडणे मला जमले नाही. बाहेर साठ-सत्तर माणसे होती आणि आमचे काम दहा मिनिटांत आटोपले.

त्या डॉक्टरांवर सगळा दोष ढकलणे मला आता पटत नाही. आम्ही जे दाखवले तेच त्यांनी लिहिले. तरीही मोजपट्टीच्या सूचनांप्रमाणे रुग्णाबरोबरच त्याची देखभाल करणाऱ्यांशी बोलायचे असते आणि जुने कागदही पाहायचे असतात. दहा मिनिटांत हे होत नाही. ज्या माणसाला आपला आजारच धड सांगता येत नाही, त्याच्या ‘हो’वर किती विसंबायचे, हे मनोविकारतज्ज्ञाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे, एवढी तक्रार माझ्याजवळ अजूनही आहे.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येते. अपील कोणाकडे करायचे आणि किती दिवसांत, हे ठरवण्याचे काम त्या कलमाने राज्य सरकारकडे सोपवले आहे. म्हणून निर्णय हाती पडल्याच्या आठवड्यातच रुग्णालयाच्या दिव्यांग शाखेत जाऊन या दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तोंडी उत्तरे टेबलागणिक बदलतात. मला एकाने ‘सहा महिन्यांनी पुन्हा नवीन अर्ज करा’ असे सांगितले होते. तो सल्ला चुकीचा होता असे नाही, पण नवीन अर्जात जुना निर्णय तसाच राहतो आणि अपिलात तो तपासला जातो. हा फरक मी हट्टाने धरून ठेवला. सगळे पुरावे जमेपर्यंत थांबले असते तर मुदत हातची गेली असती, म्हणून आधी एक पानी अपील दाखल केले. निर्णय मान्य नाही, फेरतपासणी व्हावी, सविस्तर निवेदन आणि कागदपत्रे मागाहून सादर करू, एवढेच त्यात लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. ती शिक्क्याची प्रत पुढे दोनदा उपयोगी पडली.

त्याच दिवशी माहितीचा अधिकार अधिनियम 2005 खाली दादाच्या सहीने अर्ज केला : माझ्या तपासणीची गुणपत्रिका मला मिळावी. दहा रुपयांचे तिकीट लावले. तिसाव्या दिवसाच्या आत उत्तर आले. स्वतःची काळजी 0. इतरांशी संबंध 1. संवाद आणि आकलन 1. काम 2. आजाराचा कालावधी 4 वर्षे, म्हणून 2. एकूण 6. एका गुणाने आमचे दार बंद झाले होते.

कालावधी चार वर्षे कसा? दादाचा आजार चोवीस वर्षांचा. पण 2018 पासून आम्ही सरकारी ओपीडीतून औषधे घेत होतो, आणि तपासणीच्या दिवशी मी नेलेल्या फायलीत त्याच केसपेपरांच्या झेरॉक्स होत्या. त्याआधीची वीस वर्षे कागदावर नव्हती, म्हणून ती घडलीच नव्हती. हा सर्वस्वी माझा गलथानपणा. नुसता कालावधी नीट लागला असता तरी बेरीज आठ झाली असती.

मग जुने कागद शोधायला लागले. दादावर पहिली अकरा वर्षे उपचार करणारे डॉक्टर वारले होते आणि त्यांचा दवाखाना बंद होऊन जमाना झाला होता. मात्र आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, एका औषधाच्या डब्यात त्यांच्या चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या सापडल्या. सर्वांत जुनी चिठ्ठी ऑगस्ट 1998 ची. ज्या आईने आजाराचा उल्लेख चोवीस वर्षे टाळला, तिनेच त्याचा प्रत्येक कागद जपला होता. मी काही बोलले नाही, तिनेही नाही. 2004 मध्ये दादाला पाच आठवडे एका रुग्णालयात दाखल केले होते. तिथे आधी ‘एवढे जुने रेकॉर्ड मिळत नाही’ असे उत्तर मिळाले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 25 ने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे. कलमाचा उल्लेख करून दादाच्या सहीचा अर्ज दिल्यावर दाखल होण्याच्या आणि सुटीच्या तारखा असलेल्या दोन पानांच्या प्रती मिळाल्या. संपूर्ण फाईल काही मिळाली नाही, पण आम्हाला तारखाच हव्या होत्या.

कालावधीचा प्रश्न असा सुटला. स्वतःच्या काळजीला मिळालेल्या शून्याचा प्रश्न त्याहून अवघड होता.

मी दोनशे पानी वही आणली आणि आईला सांगितले की तीन आठवडे आपण दादाचा दिवस लिहायचा. चांगले-वाईट ठरवायचे नाही. किती वाजता उठला, किती वेळा सांगावे लागले, गोळी समोर धरली की त्याने आपली आपण घेतली, दुपारी कोणाशी किती वाक्ये बोलला, बाहेर गेला तर कशासाठी आणि काय घेऊन आला. आईने पहिले चार दिवस सगळ्याच्या पुढे ‘ठीक’ लिहिले. पाचव्या दिवशी मी तिथेच बसून राहिले आणि सकाळी तिने त्याला जितके वेळा हाक मारली तितक्या रेघा वहीत मारल्या. अकरा झाल्या. आईने त्या मोजल्या आणि म्हणाली, ‘एवढ्या?’ त्यानंतर ती स्वतः रेघा मारू लागली.

त्या वहीवरून निवेदन लिहायला बसले, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आपल्या माणसाविषयी अशी वाक्ये लिहिणे किती कठीण असते. ‘रुग्ण स्वतःहून अंतर्वस्त्रे बदलत नाही.’ ‘रुग्ण भाचीच्या लग्नात मंडपाबाहेर रिक्षात बसून राहिला.’ ही वाक्ये खरी आहेत आणि ती एखाद्या परक्या माणसाच्या हाती जायची असतात. दादाला न विचारता ती देणे मला पटेना, म्हणून मी सगळे निवेदन त्याला वाचायला दिले. तो बराच वेळ वाचत होता. मी लिहिले होते, ‘2021 मध्ये आई रुग्णालयात असताना रुग्णाने महिनाभर अंघोळ केली नाही.’ त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘महिना नाही. एकोणीस दिवस.’ मी ते दुरुस्त केले. मग त्याने विचारले, ‘हे वाचून ते पैसे देतील?’ मी म्हटले, बहुतेक. तो म्हणाला, ‘मग असू दे.’ या ‘असू दे’चा अर्थ मी अजून लावलेला नाही.

निवेदन चार पानी झाले, मोजपट्टीतल्या चार विषयांना एकेक पान. प्रत्येक पानावर आधी तो स्वतःहून काय करतो ते लिहिले, कारण तो दळण खरोखर आणतो आणि ते लपवले असते तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. नंतर कोणाच्या मदतीने काय होते, आणि ती मदत नसेल तेव्हा काय घडले. कामाच्या पानाला दोन जुन्या मालकांची पत्रे जोडली. दादाची सर्वांत दीर्घ नोकरी चार महिन्यांची, आणि ती का सुटली हे त्या दुकानदाराने स्वतःच्या शब्दांत, मनात काही किल्मिष न ठेवता लिहून दिले. ‘त्रास होतो’, ‘फार हाल आहेत’ असली वाक्ये मी दुसऱ्या खर्ड्यात काढून टाकली. त्यांना गुण नसतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनही मी ‘रुग्ण गंभीर आहे’ असे प्रमाणपत्र मागितले नाही. औषधे नियमित घेऊनही कोणत्या अडचणी शिल्लक आहेत, तेवढे लिहून देण्याची विनंती केली. दादा बोलतो कमी, हसत नाही, आपण होऊन काही सुरू करत नाही, आणि नसलेले आवाज ऐकू येणे थांबले तरी हे थांबलेले नाही. लोकांना भ्रम आणि आरडाओरडा म्हणजेच हा आजार वाटतो. दादाचे जगणे ज्यामुळे अडले, ते मात्र हे मौन आहे.

फेरतपासणीची तारीख आली तेव्हा शर्टावरून आमचे भांडण झाले. मी म्हटले, या वेळी त्याला तयार करायचे नाही. आई भडकली : ‘म्हणजे चारचौघांत त्याला गबाळा नेऊ?’ रात्रभर विचार केल्यावर मला ती बरोबर वाटली. नेहमी स्वच्छ असणाऱ्या माणसाला मुद्दाम पारोसा नेणे हेही सोंगच, आणि दादाचा अपमान वेगळाच. तेव्हा शर्ट इस्त्रीचाच घातला. फक्त त्या दिवशीची सकाळही वहीत लिहिली, वेळेसह, आणि ते पान सर्वांत वर ठेवले.

दुसरे मंडळ मोठ्या रुग्णालयातले होते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी दादाशी एकट्याने बोलणे केले, मग आईशी, मग माझ्याशी. दादा समोर नसताना आई बोलली. पाऊण तास बोलली. त्यातले काही मीही प्रथमच ऐकत होते.

नवे गुण असे आले : स्वतःची काळजी 2, इतरांशी संबंध 2, संवाद 1, काम 3, कालावधी 4. एकूण 12. माझ्या मते संवादालाही दोन हवे होते, पण त्यासाठी पुन्हा भांडायला मी गेले नाही. पुढचे अनुदानाचे प्रकरण उत्पन्नाचा दाखला आणि समितीची बैठक यांत आणखी काही महिने रेंगाळले. 2023 च्या जुलैपासून या योजनेचे मासिक अनुदान हजारावरून दीड हजार रुपये झाले आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते अडीच हजार करण्यात आले. एवढ्यात घर चालत नाही, पण औषधे आणि रिक्षाभाडे निघते. खात्यावर पहिली रक्कम जमा झाली तेव्हा दादाने पासबुक मागून घेतले आणि ते तो अजून स्वतःच्या उशीखाली ठेवतो.

ज्यांची बेरीज खरोखरच सहाच्या आत येते, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात असे म्हटले आहे, की परीक्षेला लेखनिक मिळण्यासारखी वाजवी सोय 40 टक्क्यांच्या अटीवर अडवता येत नाही. त्या प्रकरणातला उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकाराचा होता, मानसिक आजाराचा नव्हे. पण नोकरीत किंवा परीक्षेत सवलत मागणाऱ्या कमी टक्केवाल्या माणसाने हा निकाल हाताशी ठेवावा. अनुदानाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, तिथे चाळीस म्हणजे चाळीस.

दादाचे प्रमाणपत्र तात्पुरते आहे. आजारात बदल संभवत असेल तर मुदतीचे प्रमाणपत्र देता येते आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी. म्हणून वही आम्ही बंद केली नाही. रोज लिहीत नाही, आठवड्यातून दोन दिवस लिहितो. गेल्या महिन्यातल्या एका पानावर आईच्या रेघा नाहीत. त्या जागी दादाच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिले आहे : ‘आज अंघोळ केली. कोणी सांगितले नव्हते.’ फेरतपासणीला ते पानही बरोबर न्यायचे आहे.